अर्जावरची तारीख

माझे वडील सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. आई गेल्यावर मी त्यांना सिंगापूरला आणलं, त्याला यंदा सहा वर्षं झाली. आमचा फ्लॅट वुडलँड्सला, अकराव्या मजल्यावर आहे. बाबांच्या खोलीच्या खिडकीतून मलेशियातल्या जोहोरकडे जाणाऱ्या रस्त्याचा एक तुकडा दिसतो. पहिली दोन वर्षं ते रोज सकाळी नाश्त्यानंतर अर्धा तास तिथे उभे राहून मालट्रक मोजायचे आणि मला आकडा सांगायचे. मी तो आकडा एका वहीत लिहायचो, कारण त्यांना ते आवडायचं. मग आकडे विचित्र यायला लागले. एका सकाळी चार, दुसऱ्या सकाळी नऊशे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा बायकोला धक्का बसला, मला बसला नाही. माझ्याकडे वही होती.

बाबा मराठवाड्यातल्या एका हायस्कुलात चौतीस वर्षं गणित शिकवायचे. मी इथे वन-नॉर्थला एका कंपनीत हिशेब तपासणीच्या विभागात आहे. इतरांनी मांडलेल्या आकड्यांना आधार आहे की नाही हे पाहायचं, एवढंच माझं काम. ही सवय बाबांनी लावली. लहानपणी गणित सोडवून दाखवलं की ते उत्तराकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, "ताळा दाखव." गुणाकार केला असेल तर भागून दाखवायचं, वजाबाकी केली असेल तर बेरीज करून. उत्तर बरोबर आणि ताळा नाही, तर अर्धे गुण. त्यांना ही शिस्त त्यांच्या मास्तरांनी लावली होती, असं ते सांगायचे. त्या मास्तरांबद्दल याहून जास्त ते कधी बोलले नाहीत. गेल्या वर्षापर्यंत.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी कामावरून आलो, बूट काढत होतो, तेवढ्यात बाबा खोलीतून बाहेर आले.

"कागद पोचला का रे?"

त्यांच्या व्हिजिट पासची मुदत संपत आली होती. मला वाटलं, त्याबद्दल विचारतायत.

"हो बाबा, पाठवला. ऑनलाइन झालं सगळं."

"लाइन कशाला? हातात द्यायचा होता. त्याच्या हातात."

"कोणाच्या?"

"मिलिटरी गव्हर्नरच्या," बाबा म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू वर्गात इतकं सोपं मलाच कसं येत नाही.

मुलगी सोफ्यावर अभ्यास करत होती. ती सोळा वर्षांची आहे, इथेच जन्मली, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत देते. तिने मान वर करून इथल्या धाटणीच्या इंग्रजीत विचारलं, "मिलिटरी गव्हर्नर? व्हेअर गॉट, लाह?"

तिला मी जेवताना सांगितलं. मराठवाडा पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. देश स्वतंत्र झाल्यावर वर्षभराने, अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात, भारतीय फौज आत शिरली. आमच्याकडे त्याला अजून पोलीस ॲक्शनच म्हणतात. त्यानंतर एकोणपन्नास साल संपेपर्यंत त्या सगळ्या राज्याचा कारभार एका लष्करी अधिकाऱ्याकडे होता. मग मुलकी कारभार आला, एका सनदी अधिकाऱ्याला मुख्यमंत्री नेमलं, आणि बावन्न साली निवडणूक झाली. म्हणजे लष्करी अंमल साधारण साडेपंधरा महिने. बाबा तेव्हा दहा-अकरा वर्षांचे होते.

"सो आजोबा मेट हिम?"

"माहीत नाही," मी म्हणालो. खरोखरच माहीत नव्हतं.

त्यानंतर बाबा रोज विचारायला लागले. रोज म्हणजे रोज, संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, मी घरात शिरलो की. त्यांना माझं नाव आठवत नसलं तरी हा प्रश्न आठवायचा. बायको म्हणाली, "सांगून टाक ना, पोचला म्हणून. काय जातं तुझं?"

"कुठला कागद तेही मला माहीत नाही. पोचला कसा सांगू?"

"अरे, ते काय पोच मागणारेत का तुझ्याकडे?"

मी सांगितलं नाही. बाबांनी आयुष्यात मला एकही गोष्ट नुसती मान्य करायला लावली नव्हती. त्यांना मी नुसतं बरं वाटावं म्हणून काही सांगणं मला जमेना. त्याऐवजी मी त्यांनाच विचारायला लागलो. तीन आठवडे लागले. एखाद्या दिवशी दोन वाक्यं मिळायची, एखाद्या दिवशी काहीच नाही, आणि एखाद्या दिवशी कालच्याच्या उलट. मी ट्रक मोजायच्या त्याच वहीत तारखेसकट लिहून घेतलं. जुळलं ते असं.

माझे आजोबा तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून द्यायचे. संस्थानात कचेरीची भाषा उर्दू, शाळेची भाषाही उर्दू, त्यामुळे बाबा उर्दूतच शिकले. गणिताचे मास्तर मुसलमान होते, शाळेमागच्या गल्लीत राहायचे, आणि बाबा त्यांचे लाडके होते. पोलीस ॲक्शननंतर रझाकार म्हणून पुष्कळ माणसं धरली गेली. त्यात मास्तरांनाही घरातून नेलं. मास्तर रझाकार होते की नव्हते, मला ठाऊक नाही. बाबा म्हणतात नव्हते. पुढे सापडलेल्या अर्जात लिहिलंय नव्हते. दोन्ही साक्षी एकाच बाजूच्या आहेत, हे मी जाणतो.

बरेच महिने मास्तरांचा पत्ता नव्हता. मग कळलं की मिलिटरी गव्हर्नर दौऱ्यावर निघालाय, तालुक्याच्या डाकबंगल्यावर एक तास थांबणार आहे, आणि लोकांचे अर्ज घेतो. मास्तरांच्या बायकोने आजोबांकडून अर्ज लिहून घेतला. दौऱ्याच्या दिवशी आजोबा तापाने पडलेले. ती बाई पडद्यातली, ती गर्दीत जाणार कशी? मग अर्ज बाबांच्या हातात दिला. लहान पोराला शिपाई अडवणार नाहीत, असा हिशेब.

बाबा गेले. फाटकाशी गावातली मोठी पोरं उभी होती. त्यांना कोणीतरी आधीच सांगितलं होतं. एकाने बाबांचा सदरा धरला. "काय रे, रझाकाराची वकिली करायलास? बाप लिहितो, पोरगा वाटतो!" सगळे हसले. बाबांनी कागद सदऱ्याच्या आत घातला. ते तसेच आत शिरले, शिपायांनी खरंच अडवलं नाही. जीप उभी होती. तिच्याजवळ गणवेशातला एक अधिकारी होता. त्याने बाबांकडे बघितलं, हात पुढे केला आणि विचारलं, "क्या है, बेटा?"

बाबा म्हणाले, "कुछ नहीं साहब. देखने आया था."

अधिकाऱ्याने तोच हात बाबांच्या डोक्यावर ठेवला आणि तो जीपमध्ये बसला.

घरी येऊन बाबांनी सांगितलं, दिला. मास्तरांच्या बायकोने त्या संध्याकाळी वाटीभर खीर पाठवली होती. बाबांनी ती खाल्ली. हे त्यांनी मला चार वेगवेगळ्या दिवशी सांगितलं, आणि चारही वेळा खीर तशीच होती, शेवयांची. मास्तर परत आले नाहीत. पुढच्या उन्हाळ्याच्या आत ती बाई मुलांना घेऊन कुठेतरी गेली. कुठे, हे गावात कोणाला माहीत नव्हतं.

"कागद कुठेय, बाबा?"

त्यांनी कपाटाकडे बोट दाखवलं. मी गावाहून आणलेली त्यांची कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी तिथे होती. ती मी दहा वेळा उघडली असेल, पासच्या कामासाठी. शाळा सोडल्याच्या दाखल्यामागे एक घडी केलेला, चारही कडांना तपकिरी झालेला कागद होता. उर्दू असल्यामुळे मी त्याला दाखल्याचाच भाग समजत आलो होतो. दुसऱ्याचे कागद तपासणं हाच माझा धंदा असून माझ्या घरातला कागद मी पाच वर्षं न वाचता ठेवला होता.

बाबांना आता अक्षरं लागत नाहीत. ऑफिसात माझा एक सहकारी मूळचा हैदराबादचा आहे. त्याला मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, तो कागद दाखवला. आधी त्याने हात पुसले, मग टेबल पुसलं, मग कागद उघडला.

"तुम्हारे घर में इत्ती अच्छी उर्दू कौन लिखता था?"

"दादाजी."

त्याने हळूहळू वाचून हिंदीत अर्थ सांगितला. अर्जदार सरकारी शाळेच्या मुदर्रिसाची, म्हणजे मास्तरांची, बायको. तीन मुलं, धाकटं दीड वर्षाचं. नवऱ्याच्या घरी हत्यार सापडलं नाही. तो कुठल्याही जमातीत, म्हणजे संघटनेत, सामील नव्हता. गावच्या अमुक अमुक हिंदू गृहस्थांना विचारून खात्री करून घ्यावी. हुजुरांनी चौकशीचा हुकूम द्यावा, आणि चौकशीत कसूर निघालाच तर निदान तो कुठल्या तुरुंगात आहे तेवढं कळवावं.

शेवटचं वाक्य वाचून तो थांबला. त्याने जेवण तसंच ठेवलं.

"तारीख फसली है," तो म्हणाला. "पाँच दै, तेरा सौ उनसठ."

"दै कब आता है?"

"नोव्हेंबर समझो. दादी के जमाने के महिने हैं, मेरेकू कित्ता याद रहता?" मग कागद परत देताना त्याने विचारलं, "अब ये किसकू देना है, भाई?"

माझं लक्ष तारखेवर होतं.

हैदराबाद संस्थानात सरकारी कागदांवर फसली सन चालायचा. आजोबांची लेखणी त्याच सनात वळलेली. ही तारीख इसवी सनात किती येते हे कळलं तर बाकीचं सगळं तपासता येईल, असं मला वाटलं. आणि खरं सांगायचं तर मला एक आशा वाटायला लागली. पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या आठवणीत एखादं वर्ष सहज इकडचं तिकडे होतं. समजा, अर्ज लष्करी अंमल संपल्यानंतरचा निघाला, तर?

त्या संध्याकाळी बाबांना विचारलं, "बाबा, फसलीचं इसवी कसं करायचं?"

मुलीचं नाव त्या आठवड्यात त्यांना आठवत नव्हतं, पण हे उत्तर लगेच आलं. "पाचशे एक्क्याण्णव मिळवायचे." लहानपणी जमिनीचे जुने कागद बघताना त्यांनी मला हेच सांगितलं होतं, त्यामुळे मलाही ते आठवत होतं. दोन साक्षी जुळल्या. मग बाबा पुढे पुटपुटायला लागले, "आझूर, दै, बहमन, आझूर, दै..." मला वाटलं, भरकटले. मी त्यांच्या गोळ्या आणायला उठलो.

तेराशे एकोणसाठ अधिक पाचशे एक्क्याण्णव. एकोणीसशे पन्नास. दै म्हणजे नोव्हेंबर. नोव्हेंबर एकोणीसशे पन्नास. मी बेरीज तीनदा केली. लष्करी अंमल संपून तेव्हा दहा महिने उलटून गेले होते.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दारातच विचारलं, "कागद पोचला का रे?"

मी त्यांना खुर्चीत बसवलं, समोर स्टूल घेऊन बसलो. म्हणालो, "बाबा, अर्जावरची तारीख काढली मी. पन्नास सालचा नोव्हेंबर. मिलिटरी गव्हर्नर तेव्हा नव्हताच. मुलकी कारभार आला होता. तुम्ही जीपजवळ ज्याला बघितलं तो कोणीतरी दुसरा फौजी अधिकारी असणार. त्याला अधिकारच नव्हता. त्याच्या हातात अर्ज देऊन काहीही झालं नसतं."

"तो तो नव्हता?"

"नव्हता."

"मग तो कोण होता?"

"कोणीतरी असेल. साधा कॅप्टन, मेजर. त्याच्या हातात काही नव्हतं, बाबा."

बाबांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. त्यांच्या खांद्यांकडे बघून मला कळलं की ते इतके दिवस, किंवा इतकी वर्षं, खांदे वर ओढून बसत होते. "माझ्यामुळं नाही," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो. त्या दिवशी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या, आणि जेवताना मुलीला तिच्या नावाने हाक मारून लोणचं मागितलं. बायको माझ्याकडे बघत राहिली. तिचे डोळे भरले होते.

अर्थात दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं. आदल्या दिवशीचं काही शिल्लक नव्हतं. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा त्यांचे खांदे खाली आले. असं मी एकूण तेवीस वेळा सांगितलं. वहीत तेवीस रेघा आहेत. सुरुवातीला रोजरोज तेच सांगणं जड जाईल असं वाटलं होतं, पण मी त्या वेळेची वाट बघायला लागलो. वन-नॉर्थहून वुडलँड्सला येणाऱ्या एमआरटीच्या गाडीत मी मनात वाक्यं जुळवायचो. रोज नव्याने आपल्या वडिलांच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला मिळणं, असं किती लोकांच्या वाट्याला येतं?

बायको एकदा म्हणाली, "बघ, मी म्हणत होते ना, सांगून टाक."

"तू खोटं सांगायला सांगत होतीस," मी म्हणालो. "हे खरं आहे."

याचा मला अभिमान होता. तो इथे नमूद केला पाहिजे.

चोविसाव्या दिवशी शनिवार होता. पासच्या अर्जाबाबत एक कागद उलट आला होता, बाबांच्या जन्मतारखेचा पुरावा नीट दिसत नव्हता. मी शाळा सोडल्याचा दाखला पुन्हा स्कॅन करायला काढला. त्यावर शाळेत पुन्हा नाव घातल्याची नोंद होती. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत बंद पडलेली शाळा उघडल्यावरची. एका रकान्यात उर्दूत, आणि शेजारी नंतर कोणीतरी निळ्या शाईने मराठीत लिहिलेलं: आझूर १३५८ फसली, म्हणजे ऑक्टोबर १९४८.

मी स्कॅनरचं झाकण उघडं ठेवून तसाच उभा राहिलो. एकोणीसशे अठ्ठेचाळीस वजा तेराशे अठ्ठावन्न. पाचशे नव्वद.

फसली सन ऑक्टोबरात बदलतो. इसवी सन जानेवारीत बदलतो. म्हणून फसली वर्षाच्या पहिल्या तीनेक महिन्यांना पाचशे नव्वद मिळवायचे, आणि उरलेल्या नऊ महिन्यांना पाचशे एक्क्याण्णव. आझूर पहिला महिना, दै दुसरा. बाबा भरकटले नव्हते. ते मला नियमाचा दुसरा भाग सांगत होते, आणि मी गोळ्या आणायला उठलो होतो.

माझी बेरीज बरोबर होती. ती मी तीनदा केली होती. ताळा एकदाही केला नव्हता. ज्याची तारीख दोन्ही सनांत माहीत आहे असा एखादा कागद घेऊन नियम तपासायचा, एवढंच करायचं होतं, आणि तसा कागद त्याच पिशवीत, अर्जाला चिकटून पडलेला होता. कंपनीत माझ्या हाताखालच्या माणसाने हे केलं असतं तर मी त्याला काय बोललो असतो, ते मला माहीत आहे.

पाच दै तेराशे एकोणसाठ म्हणजे एकोणीसशे एकोणपन्नासचा नोव्हेंबर, दुसरा आठवडा. लष्करी अंमल डिसेंबरअखेर संपला. सात आठवडे बाकी होते. जीपजवळचा माणूस तो असू शकत होता.

असू शकत होता, एवढंच. तो होताच असं मी म्हणत नाही. अर्ज दिला असता तर चौकशी झाली असती, असंही नाही. तशा अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे आले असतील. मास्तर तेव्हा जिवंत होते की नाही, हेही कोणाला माहीत नाही. पण 'काहीही झालं नसतं' हे मी तेवीस वेळा छातीठोक सांगितलं होतं, आणि त्याला आधार नव्हता.

त्या संध्याकाळी बाबांनी विचारलं, "कागद पोचला का रे?" मी म्हणालो, "बघतो." रविवारी, सोमवारी, मंगळवारीही तेच. माझ्या तोंडून ती वाक्यं निघेनात. बाबांची चिडचिड वाढली, जेवण कमी झालं. मंगळवारी त्यांनी ताट ढकललं. बायकोने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"काय झालंय तुला? चार दिवस झाले. सांग ना त्यांना नेहमीसारखं."

मी तिला दाखला दाखवला आणि पाचशे नव्वदचं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बरं. मग?"

"मग काय? ते चूक आहे."

"ते सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांना उद्या आठवत नाही. तू काय वडिलांचं ऑडिट करतोयस?"

"त्यांनी मला तेवीस वेळा विचारलं आणि मी तेवीस वेळा चुकीचं सांगितलं."

"चुकून सांगितलंस. आता चुकून सांगत राहा."

"आता ते चुकून होणार नाही."

ती ओट्याकडे वळली. "तुझ्यासारख्या माणसाशी कसं बोलायचं, खरंच मला कळत नाही."

मी विचार केला तो असा. सांगितलं, तर त्यांना एक संध्याकाळ त्रास होईल आणि सकाळी ते विसरतील. माझ्या बाजूने दुरुस्ती झालेली असेल. नंतर रोज काय सांगायचं, ते नंतर बघू. इतके दिवस त्यांना जे काही सांगितलं त्यातलं एक अक्षर राहिलं नव्हतं. तेवीसपैकी शून्य. त्या हिशेबाने धोका काहीच नव्हता.

बुधवारी संध्याकाळी मी स्टूल घेऊन बसलो. "बाबा, माझी चूक झाली होती. दै महिन्याला नव्वद मिळवायचे. मी एक्क्याण्णव मिळवले. अर्ज एकोणपन्नास सालचा आहे. अंमल संपायला सात आठवडे होते."

खाली शाळेच्या बसमधून पोरं उतरत होती, त्यांचा आवाज वर येत होता. मग बाबा स्वच्छ आवाजात, वर्गात शिकवल्यासारखे म्हणाले, "आझूर आणि दैला नव्वद. बहमनलाही, शेवटचे काही दिवस सोडून. पुढं एक्क्याण्णव. सांगितलं होतं की तुला."

"हो बाबा."

"म्हणजे तोच होता."

"असेलच असं नाही."

"हात पुढं केला होता त्यानं," बाबा म्हणाले, आणि आपला हात पुढे करून दाखवला. तळवा वर, बोटं सरळ. बराच वेळ तो हात तसाच होता. शेवटी मी तो धरून खाली ठेवला.

सकाळी मी त्यांच्या खोलीत चहा घेऊन गेलो. ते उठून बसले होते. मला बघून म्हणाले, "सात आठवडे होते."

त्याला आता पाच महिने झाले. ते हे विसरलेले नाहीत. मुलीचं नाव गेलं, ते परत आलं नाही. आई गेली हे त्यांना आठवत नाही, ती बाजारात गेलीय असं समजतात. मी त्यांचा मुलगा की डॉक्टर, हे दिवसावर अवलंबून असतं. पण सात आठवडे आठवतात. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले की असं होतं कधी कधी, एखादी गोष्ट राहून जाते, का ते सांगता येत नाही. जी तेवीस वेळा सांगितली ती राहिली नाही. जी एकदा सांगितली ती राहिली. नमुना लहान असला तरी निष्कर्ष मला मान्य करावा लागतो.

'कागद पोचला का' हा प्रश्न बंद झाला. कागदासाठी मी काही करायचं ठेवलं नाही असं नाही. सहकाऱ्याने त्याच्या ओळखीत विचारून पाहिलं, त्या गावचं, त्या आडनावाचं कोणी आहे का. कोणी मिळालं नाही. अर्ज पुन्हा घडी करून दाखल्यामागे ठेवलाय. पास आणखी मुदतीसाठी वाढून मिळाला.

बायको मला काही म्हणत नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. बाबा संध्याकाळी खिडकीशी बसतात, खांदे पुन्हा वर गेलेत, आणि जेवण निम्म्यावर आलंय. गेल्या महिन्यात त्यांचं वजन केलं आणि मी त्या दिवशी वही बंद केली.

परवा मी ते केलं, जे बायको जूनमध्येच सांगत होती. कामावरून आलो, बूट काढले, स्टूल घेतलं. आवाज नेहमीसारखा ठेवला. म्हणालो, "बाबा, मी पुन्हा बघितलं. माझंच चुकलं होतं. एक्क्याण्णवच बरोबर. अर्ज पन्नास सालचा आहे. तो तो नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत मी कोण आहे हे त्यांना कळत होतं, याबद्दल मला शंका नाही.

"ताळा दाखव," बाबा म्हणाले.